उभं राहण्याची नोकरी

डोंगरचं काम सांगायला सोपं आणि पटवायला अवघड होतं. तो उभा राहायचा. कधी बसायचा, कधी आडवाही व्हायचा, पण पगार मुख्यतः उभं राहण्याचा. चित्रकलेच्या महाविद्यालयात दुसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत, लाकडी चौथऱ्यावर, अर्ध्या चड्डीत तो पंचवीस मिनिटं न हलता उभा राही आणि अर्धवर्तुळात मांडलेल्या ईझलांमागून बावीस मुलंमुली त्याला कोळशाने कागदावर उतरवत. मग पाच मिनिटं सुट्टी. मग पुन्हा पंचवीस मिनिटं. पाहुण्यारावळ्यांत कुणी "काय करता?" असं विचारलं, की बायको परस्पर सांगून टाकी, "कॉलेजात असतात." समोरचा आदराने मान हलवी, आणि ती मान पुरती हलून होईपर्यंत डोंगर गप्प बसे.

नाव मुलांनी ठेवलेलं. अकरा वर्षांपूर्वी तो एका शीतगृहाच्या फाटकावर पहारेकरी होता आणि वजन होतं एकशे अठ्ठेचाळीस किलो. रेखाटनाचे सर त्या रस्त्याने जाताना थांबले, त्याच्याकडे पाच मिनिटं बघत राहिले, आणि एवढ्या वेळात हा माणूस एकदाही हलला नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. सरांचं मत असं, की बारीक माणूस काढायला कुणीही शिकतो, त्याची हाडं दिसतच असतात. मांसाला वजन असतं हे कागदावर दाखवायचं तर असा ऐवज पाहिजे. तेव्हापासून दर वर्षी जुनी मुलं नव्या मुलांच्या हाती डोंगर सोपवून जात.

मग गुडघे बोलू लागले, साखर वाढली, झोपेत श्वास अडकू लागला, आणि डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग कापून तिथे केळ्याएवढी नळी तेवढी ठेवली. आठ महिन्यांत त्रेपन्न किलो उतरले. बायको एका दुकानात कपडे दुरुस्तीचं शिवणकाम करी. तिने त्याच्या पँटी चार वेळा आत घेतल्या आणि पाचव्या वेळी सांगितलं, की आता दोन्ही खिसे मागे एकत्र आलेत, नवी घ्या.

सगळ्यांना आनंद झाला, सर सोडून. दीड महिन्याच्या रजेनंतर डोंगर पहिल्यांदा चौथऱ्यावर चढला, तेव्हा सरांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली. आपल्या घराला कुणी न विचारता दुसरा रंग देऊन गेल्यावर माणूस बघेल, तसं बघितलं. "विचारायचं तरी होतं," एवढंच म्हणाले. मुलांनी काही दिवस 'टेकडी' म्हणून पाहिलं, पण ते नाव रुजलं नाही.

आता डोंगरकडे भांडवल उरलं होतं ते एकच. बारीक आणि मध्यम अंगाचे मॉडेल पैशाला पासरी मिळतात. न हलणारे मिळत नाहीत. पुढच्या वर्षीच्या मॉडेलांची यादी वार्षिक परीक्षेनंतर सर करत, आणि या खेपेला "यादी नव्याने बघू" असं ते दोनदा म्हणाले होते. सर एकच गोष्ट सहसा दोनदा सांगत नसत.

आणि नेमकी त्याच सुमाराला घेरी येऊ लागली.

आधी न्हाणीघरात, वाकून उठताना. मग जिन्यावर. मग चौथऱ्यावर. कानात कुणी कापूस भरल्यासारखा आवाज दूर जाई, नजरेच्या कडा राखाडी होत, तळहात गार पडत. तो दात आवळून उभा राही, आणि सुट्टीची घंटा झाली की हळूच खुर्चीत टेके. कुणाला काही सांगितलं नाही. रुग्णालयाचा महिन्याला फोन येई, त्यालाही सांगण्यासारखं काही नव्हतं, कारण घरच्या रक्तदाबाच्या मशीनवरचा आकडा दर वेळी चोख यायचा. रोज सकाळी तो खुर्चीत बसे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, हात छातीच्या पातळीवर, आणि पट्टा फुगून उतरेपर्यंत त्याची पापणीदेखील हलत नसे. एकशे अठरा. एकशे सोळा. बायको वहीत लिहून ठेवी. असले आकडे बघून रुग्णालयाने त्याची रक्तदाबाची जुनी गोळी तशीच चालू ठेवली होती, एकशे अठ्ठेचाळीस किलोच्या माणसाला लिहून दिलेली. मशीनला आपल्यासारखा पेशंट मिळाला नसेल, असं डोंगरला मनातून वाटे, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

परीक्षा पाच दिवसांची असते. पाचही दिवस एकच उभी मुद्रा, रोज सहा बैठका. या वर्षीची मुद्रा सरांनी लावून दिली: सगळा भार उजव्या पायावर, डावा गुडघा सैल, एक हात कमरेवर, दुसरा मोकळा. चौथऱ्याजवळ हीटर, म्हणजे उघड्या अंगाला थंडी वाजू नये. अशा मुद्रेचा एक साधा नियम असतो आणि सर तो पहिल्या वर्षापासून घोकून घेत. गळ्याखालची खळगी भार घेतलेल्या पायाच्या घोट्यावर बरोबर यायला हवी. नाही आली, तर चित्रातला माणूस पडतोय असं दिसतं. हे तपासायला मुलं दोऱ्याला वजन बांधून ओळंबा धरत.

ओळंब्यात सगळ्यात पक्की होती मोजणीबाई. वय पंचेचाळीस, जमिनीचे नकाशे करणाऱ्या कचेरीत वीस वर्षं काढून नोकरी सोडलेली, आणि आता विशीतल्या पोरांच्या रांगेत बसून चित्रकला शिकणारी. तिला रेघ चुकलेली सहन होत नसे, स्वतःची तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने खोडरबराने कागद इतका घासला, की सर जवळ येऊन उभे राहिले. आकृती उजवीकडे कलली होती. सरांनी लाल खडूने त्या आकृतीवर एक उभी रेघ ओढली आणि वीस वर्षं मोजणी करून हेच शिकलात का, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात विचारलं. त्या दिवशी अशा लाल रेघा त्यांनी आणखी सात-आठ कागदांवर ओढल्या होत्या.

"सर, माझी रेघ सरळ आहे," मोजणीबाई म्हणाली. "काका तिरके होतायत."

खोलीत कोळशाचा आवाज थांबला. सरांनी तिच्या हातून ओळंबा घेतला, एक डोळा मिटला आणि बघितलं. मग डोंगरला विचारलं. डोंगर ओठ न हलवता म्हणाला, की चौथरा थोडा डुगडुगतोय. सरांनी चौथऱ्याच्या कडेवर पाय देऊन पाहिला. चौथरा जागचा हलला नाही. सरांनी ओळंबा मोजणीबाईला परत दिला. आणि सर बोलले नाहीत की माणसाला आपण काय बोललो ते आठवत राहतं.

सुट्टीत मोजणीबाई त्याच्या खुर्चीपाशी आली. तक्रारीचा सूर नव्हता, कचेरीत अहवाल द्यावा तसं सांगत होती. पहिली दहा मिनिटं काका बरोबर असतात. मग खळगी बाहेर सरकायला लागते. आधी दोन बोटं, शेवटी शेवटी तीन. मग एकदम जागेवर येते, म्हणजे ते सावरत असणार.

"तुम्हाला कळतं का ते?" तिने विचारलं.

डोंगरने हो म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. घेरी त्याला माहीत होती. कलणं माहीत नव्हतं. अकरा वर्षं डोळे मिटूनही आपली करंगळी कुठे आहे ते बोटाच्या पेराइतकं सांगणारा माणूस तो. तीन बोटं बाहेर जाऊन आला आणि त्याला पत्ता नाही.

त्या संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने हातातली पँट बाजूला ठेवली, रक्तदाबाचं मशीन काढलं आणि म्हणाली, "उभे राहा."

बसून मोजायचं असतं, पुस्तिकेत तसं चित्र आहे, असं तो म्हणाला.

"तुमचा पगार बसायचा आहे का?"

तो उभा राहिला. तिने शिलाई मशीनवरच्या छोट्या घड्याळात तीन मिनिटं मोजली आणि मग पट्टा फुगवला. तोवर डोंगरने नकळत शिलाई मशीनचं चाक धरलं होतं. शहाऐंशी, खाली चोपन्न. बायकोने आकडा वहीत लिहिला नाही. सरळ रुग्णालयाला फोन लावला.

फोनवर आधी आहाराच्या बाई आल्या, मग त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न गोळीचा विचारला आणि दुसरा तीच गोळी अजून चालू आहे का हा. ती आजपासून बंद. पण अंगातून उतरायला दोन-तीन दिवस लागतील. पाणी दिवसभर घोटाघोटाने, एकदम नाही. सुपात मीठ थोडं जास्त. पायांना घट्ट मोजे. उकाड्यापासून लांब राहायचं. उठायचं ते टप्प्याटप्प्याने. जेवणानंतर जपायचं. शनिवारी येऊन रक्त तपासायचं. आणि एका जागी न हलता उभं राहायचं नाही. मग त्यांनी विचारलं, काम काय करतात.

बायकोने आयुष्यात पहिल्यांदा नेमकं सांगितलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

"म्हणजे, नुसते उभे?"

"नुसते."

डॉक्टर म्हणाले, की कवायतीला उभे असलेले धडधाकट जवान कोसळतात ते असेच. पोटऱ्या हलल्या नाहीत, तर रक्त पायातच बसून राहतं. डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच खाली बसायचं, पाय वर घ्यायचे. पडायची वाट बघायची नाही.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, उद्या जायचं नाही. तो म्हणाला, बावीस जणांची दोन दिवसांची चित्रं अर्धवट आहेत, आणि शिवाय यादी आहे. ती म्हणाली, यादी गेली खड्ड्यात. तो म्हणाला, खड्ड्यात गेलेली यादी परत वर येत नाही. पंचावन्नाव्या वर्षी फाटकावर पुन्हा कोण घेणार. असं बराच वेळ चाललं. शेवटी तिने त्याच्याकडून शब्द घेतला, की अंधारी आली की बसायचं, सर असोत नाहीतर आणखी कुणी. त्याने शब्द दिला. तिने तो फारशा विश्वासाने घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी डोंगर मोजे घालून चौथऱ्यावर चढला. मांडीपर्यंतचे, अंगाच्या रंगाचे, बायकोने सकाळी दुकान उघडायला लावून आणलेले. सरांनी हे काय म्हणून विचारलं. थंडी वाजते, डोंगर म्हणाला. सरांनी हीटर त्याच्या जवळ सरकवला आणि मोजे काढायला सांगितले. दोन दिवस मुलांनी उघड्या पोटऱ्या काढल्यात, तिसऱ्या दिवशी त्यांनी काय करायचं. डोंगरने मोजे काढले. आता पायांत मोजे नव्हते आणि शेजारी आणखी तापलेला हीटर होता.

त्या दिवसभर तो चोरून पोटऱ्या आवळत राहिला. पायाची बोटं चौथऱ्यात रोवायची, सोडायची. सुट्टीत पाच घोट पाणी. सहावा घेतला तर छातीत अडकायचा. चौथ्या बैठकीत पुढच्या रांगेतला एक पोरगा कुरकुरला, की काकांची पोटरी सारखी आकार बदलते, आपण कुठली काढायची. सरांनी डोंगरकडे बघितलं. डोंगरने पोटरी सोडून दिली. सहावी बैठक कशी संपली ते त्याला नीट आठवत नव्हतं. एवढंच आठवत होतं, की मोजणीबाईने खोडणं बंद केलं होतं.

चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने अर्धं उकडलेलं अंडं आणि वाटीभर सूप घेतलं. जेवणानंतरची पहिली बैठक सुरू झाली तेव्हा बरं वाटत होतं. भिंतीवरच्या घड्याळात चौदा मिनिटं झाली तेव्हा त्याला जांभई आली. ती त्याने नाकातून जिरवली. मग दुसरी आली.

कोळशाची खरखर मागे गेली. आधी शेजारच्या खोलीत गेल्यासारखी, मग खालच्या मजल्यावर. कपाळावर गार घाम फुटला. त्याने नजर खिडकीच्या कडीवर खिळवली. कडी होती, खिडकी हळूहळू जात होती. अकरा मिनिटं, त्याने हिशेब केला. अकरा मिनिटं म्हणजे काय, अकरा वर्षं काढली. आपण कलतोय की नाही, हे त्याने स्वतःला विचारलं, आणि स्वतःकडून काहीच उत्तर आलं नाही. तेव्हा उजवीकडे नजर गेली. मोजणीबाईने ओळंबा धरलेला होता आणि ती काढत नव्हती. तिने आपला हात हळूहळू खाली घेतला, आणि तिची नजर दोऱ्यावरून उतरून चौथऱ्याच्या कडेशी गेली.

त्या कडेशी, त्याच्या उजव्या हाताला, पुढच्या रांगेतली एक किरकोळ मुलगी बुटक्या स्टुलावर मान खाली घालून बसली होती. तिचं डोकं त्याच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर होतं, आणि ती त्याच्या पायाची बोटं काढत होती. डोंगर कमी झाला होता, पण पंच्याण्णव किलो शिल्लक होता. आपण कुठे पडणार, ते त्याला एकदम स्पष्ट दिसलं. दुसरं काही दिसत नव्हतं.

"मी खाली बसतो," तो म्हणाला.

चौथऱ्यावरून त्याचा एवढा मोठा आवाज अकरा वर्षांत कुणी ऐकला नव्हता. त्याने हात गुडघ्यांवर टेकले, मग फळीवर, मग बसला, मग आडवा झाला, आणि चाचपून शेजारचं रिकामं स्टूल ओढून त्यावर टाचा ठेवल्या. छत फिरत होतं. त्याने त्याला फिरू दिलं.

सर आले. त्यांचे बूट त्याच्या कानापाशी थांबले. "अजून अकरा मिनिटं आहेत," ते म्हणाले.

"मुलांना आहेत, सर. मला नाहीत."

मग छताकडे बघत त्याने सगळं सांगितलं. चौथरा डुगडुगत नाही. थंडी वाजत नव्हती. रक्तदाब उभं राहिल्यावर उतरतो, गोळी परवा बंद केली, दोन महिने घेरी येतेय. आडवं पडून खरं बोलणं त्याला उभ्यापेक्षा सोपं गेलं. डोक्याला रक्त मिळत होतं.

सरांचा आवाज चढला नाही. आधी सांगायचं होतं, ते म्हणाले, दुसरा माणूस बघितला असता.

"म्हणूनच नाही सांगितलं."

 सर वळले आणि त्यांची नजर मोजणीबाईच्या कागदावर पडली. मग शेजारच्या. मग ते ईझलांमागून एकेक करत अर्धवर्तुळाच्या टोकापर्यंत गेले. बावीस कागदांवर बावीस माणसं उभी होती आणि कुणी थोडा, कुणी जास्त, बहुतेक सगळे पडत होते. जे सरळ उभे होते, ते सरांच्या लाल रेघेवर बेतून सरळ केलेले. सरांनी खिशातून खोडरबर काढला. आपल्याच लाल रेघा एकेका कागदावरून पुसत ते परत आले. नीट पुसल्या जात नव्हत्या, गुलाबी डाग राहत होते. कुणाची माफी वगैरे मागितली नाही. मोजणीबाईच्या ईझलपाशी मात्र इतरांपेक्षा जास्त वेळ घासत राहिले.

तोवर डोंगरला कडीभोवती खिडकीही आहे हे पुन्हा दिसू लागलं होतं. मोजणीबाईने हीटर बंद केला आणि पाण्याची बाटली त्याच्या हाताशी ठेवली. सर चौथऱ्याच्या कडेवर बसले. त्यांना कुणी तिथे बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी यादीची वही उघडली.

"उभे किती वेळ राहाल?"

पंचवीस, हा आकडा डोंगरच्या जिभेवर आलाच होता. त्याने एक घोट पाणी घेतलं आणि त्याबरोबर तोही गिळला.

"आठ मिनिटं. हातात काठी असेल तर बारा. जेवणानंतर लगेच उभं नाही."

"बसून?"

"बसून पाहिजे तितकं. मधे पाणी लागेल."

"आणि ते मोजे?"

"मोजे राहतील."

सर लिहीत होते. लिहिता लिहिता म्हणाले, मोज्याखालची पोटरी दाखवणं सोपं नसतं, पोरांचा कस लागेल. मग म्हणाले, नाव पहिल्या सहामाहीपुरतं घालतोय, पुढचं पुढे. आणि शनिवारी डॉक्टर काय सांगतात ते कागदावर आणा, तोंडी नको, तुमचं तोंडी आम्ही ऐकलंय.

डोंगर बरं म्हणाला. अर्धं वर्ष ही पुरी भाकरी नव्हती, पण घरी सांगता येईल इतकी होती.

परीक्षेचं काय करायचं, ते सरांनी उभं राहून जाहीर केलं. उरलेल्या बैठका आठ मिनिटांच्या, मधे बसून विश्रांती, काठी हातात; काठी चित्रात घ्यायची की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. पुढच्या रांगेतल्या पोराने विचारलं, मग काका कललेले काढायचे की सरळ. "दिसतात तसे," सर म्हणाले. बुटक्या स्टुलावरच्या मुलीला त्यांनी दोन हात मागे बसवलं. तिला कारण कळलं नाही आणि तिने तोंड वाकडं केलं.

कुणीतरी कोपऱ्यातून खिडकी उघडायची लांब काठी आणली. डोंगर उठतो म्हणाला आणि उठला नाही. आधी कुशीवर वळला. मग बसला. मग पाय चौथऱ्याखाली सोडून, घोटे फिरवत, दोन मिनिटं तसाच बसून राहिला. बावीस जण कोळसा हातात धरून थांबले. सरांनी घाई केली नाही, पण घड्याळाकडे तीनदा बघितलं.